रिकाम्या डब्यांची लॅब

टेम्पोतला पहिला डबा जड असणार म्हणून मी पाय रोवून, श्वास रोखून उचलला. तो इतक्या सहज वर आला की मी मागच्या मागे रोशन ढगेच्या अंगावर गेले.

"अबे, हे तर खालीच हाय!" रोशननं डब्याला टिचकी मारली. पत्रा टणकन वाजला. "आत काहीच नाही वो याच्यात."

कम्प्युटरचा डबा होता तो. समोर बटण, बाजूला जाळी, वर चिकटवलेलं कंपनीचं नाव, सगळं जागच्या जागी. फक्त आत कम्प्युटर नव्हता. यवतमाळच्या कुठल्याशा दुरुस्तीच्या दुकानातून टेम्पोभर असे डबे आले होते आणि ते वरच्या मजल्यावर नेऊन टेबलांवर मांडायचं काम आमच्या वर्गाकडे, म्हणजे थर्ड इयर कम्प्युटरकडे, आलं होतं. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाची कमिटी येणार होती.

आमच्यासारख्या कॉलेजात जे शिकले नाहीत त्यांना हे सांगावं लागेल. गावापासून लांब माळावर बांधलेलं ते इंजिनिअरिंग कॉलेज. दरवर्षी विद्यापीठाची माणसं येऊन बघायची, लॅब आहेत का, पुस्तकं आहेत का, शिक्षक आहेत का. त्यांच्या शेऱ्यावर कॉलेज चालायचं. मग मुलगी पाहायला पाहुणे येणार म्हटल्यावर शेजारचा सोफा घरात येतो, तसं आमच्याकडे सगळं उसनं यायचं. ग्रंथालयात सकाळी पुस्तकं यायची ती संध्याकाळी परत जायची. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. उलट त्या दिवशी जेवण चांगलं असायचं, म्हणून आम्ही कमिटीची वाट बघायचो.

त्या वर्षी पाळी नेटवर्कच्या लॅबची होती. ती आमच्याकडे नव्हतीच. विषय मात्र होता आणि तो शिकवायला मोहोड सर होते.

मला नेटवर्क समजलं ते कॉलेजच्या व्हरांड्यात, मोहोड सरांच्या तासाला. आज पोट त्याच विद्येवर भरतं, मोठमोठ्या लोकांची प्रशिक्षणं झाली, पण त्या व्हरांड्याइतकं लख्ख काही डोक्यात शिरलं नाही. सर आम्हाला लांब लांब उभं करायचे, प्रत्येकाला एक आकडा द्यायचे. तो तुमचा पत्ता. मग एका टोकाच्या मुलाच्या हातात चिठ्ठी. त्यावर कोणाकडून, कोणाकडे. तुम्ही फक्त हाताला लागणाऱ्या मुलाला चिठ्ठी द्यायची, ओरडायचं नाही. मधेच सर एखाद्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "तू मेला." तो खाली बसायचा आणि चिठ्ठीला दुसरी वाट शोधावी लागायची. रोशन दर वेळी चिठ्ठी खिशात घालायचा. सर चिडायचे नाहीत. "हे पण होते," म्हणायचे. "चिठ्ठ्या हरवतात. पाठवणाऱ्यानं काय करायचं, सांग कांडलकर."

कांडलकर म्हणजे मी, करुणा कांडलकर. सरांनी विचारायचं आणि मी सांगायचं, असा रिवाजच पडला होता. मला त्याचा भारी तोरा होता.

पिंगही त्यांनी असंच शिकवलं. पिंग म्हणजे एका मशीननं दुसऱ्याला मारलेली हाक. 'आहेस का?' आणि पलीकडून 'आहे' आलं की समजायचं, मधली तार जिवंत आहे. यात एक पत्ता मात्र वेगळा, एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक. तो पत्ता प्रत्येक मशीनचा स्वतःचाच. त्याला हाक मारली तर ती तारेपर्यंत जातच नाही. मशीन आपणच आपल्याला ओ देतं. हे सांगताना सरांनी रोशनला टोकाला उभं केलं आणि स्वतःच्याच नावानं हाक मारायला लावली. "रोशन ढगे, हायेस का?" रोशन बोंबलला आणि लगेच स्वतःच, "हाव ना बे!" अख्खा व्हरांडा हसला. सरही हसले. त्यानंतर तो पत्ता आमच्यातला कोणी विसरला असता तर नवलच.

एवढं शिकवणारा माणूस तिथे तासिका तत्त्वावर होता. तास घेतला तर धरला, नाही तर तुम्ही कोणी नाही. दर जूनमध्ये सर कायम होणार असं आम्ही ऐकायचो आणि दर जूनमध्ये ते पुढच्या जूनवर जायचं. त्यांची बायको बाळंतपणाला आर्णीला माहेरी गेली होती ती तिथेच होती. बाळाला दात आले होते. "ऑर्डर झाली की आणतो," सर सांगायचे. कोणी विचारलं नाही तरी सांगायचे.

डबे मांडून झाल्यावर प्राचार्य गुल्हाने सर वर आले. इलेक्ट्रिशियननं टेबलाखालून वायर फिरवली होती, त्यामुळे प्रत्येक डब्यावरचा हिरवा दिवा लागत होता. मॉनिटर खरे होते, पण आतून काही येत नसल्यानं काळे. सगळ्यांत पुढे ऑफिसमधून आणलेलं एक चालू मशीन. प्राचार्यांनी हिरव्या दिव्यांकडे बघून समाधानानं मान हलवली.

"पोरंहो, कमिटीवाले लई गोड बोलतात," ते म्हणाले. "एखाद्याला बाजूला घेतात. 'इथं कोणी नाही, खरं सांग' म्हणतात. 'तुझ्या सरांनीच सांगितलं आम्हाला' म्हणतात. फसायचं नाही. एकदा जे सांगितलं, तेच शेवटपर्यंत. तुमच्या मोहोड सरांची ऑर्डर टाइप होऊन माझ्या टेबलावर पडली आहे. सही तेवढी राहिली. उद्या ही लॅब पास झाली की झाली सही. आता तुमच्या हातात आहे त्यांचं."

ते गेल्यावर मोहोड सर बराच वेळ खडूचे तुकडे गोळा करत राहिले. मग आमच्याकडे न बघता म्हणाले, "चालू मशीनवर कांडलकर बसेल. पिंग करून दाखवायला सांगतील. तर... एकशे सत्तावीस टाकायचं."

माझ्या तोंडून निघून गेलं, "पण सर, तो तर..."

"माहीत आहे मला."

"आणि कोणी विचारलं, पत्ता कोणाचा, तर?"

"नाही विचारत एवढं कोणी." सरांनी खडू टेबलावर ठेवले. "विचारलंच तर सांगायचं, शेजारच्या मशीनचा."

मला लाज वाटली. पण ती सरांची वाटली, माझी नाही. इतका ताठ माणूस, त्यांना हे असं मान खाली घालून सांगावं लागतंय, त्याची. आणि मी तिथल्या तिथे ठरवलं की सरांची ऑर्डर मी मिळवून देणार. जीव गेला तरी शेजारच्या मशीनवरून हलणार नाही.

कमिटीत तिघं होते. अध्यक्ष म्हणून आलेले गृहस्थ रांगोळीपासून प्रत्येक गोष्टीला "वा" म्हणत होते. दुसरे सारखे घड्याळ बघत होते. तिसऱ्या पिंपळखुटे मॅडम, नागपूरच्या. सुती साडी, पायात कापडी बूट, गळ्यात दोरीला चष्मा. त्या लॅबच्या दारातून आत आल्या आणि थबकल्या.

"मोहोड? अरे, तू इथे असतोस?"

सर पुढे झाले आणि वाकून त्यांच्या पाया पडले. प्राचार्यांसमोर, आमच्यासमोर, सगळ्यांसमोर.

"माझा विद्यार्थी," मॅडम बाकीच्या दोघांना म्हणाल्या. "एम.ई.ला माझ्याकडे होता. नेटवर्कवर याचा हात फार छान. आता मला काही बघायची गरजच नाही." आणि तरी त्या माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. "काय नाव बाळा तुझं? काहीतरी करून दाखव बरं. साधं पिंग कर चल."

मी टाइप केलं. पडद्यावर एकाखाली एक उत्तरं आली, झटझट.

"वा! किती फास्ट आहे!" अध्यक्ष म्हणाले.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हा पत्ता कोणाचा गं?"

"शेजारच्या मशीनचा, मॅडम." मी रोशनच्या डब्याकडे बोट केलं. रोशननं प्रसंग ओळखून लगेच माउस हलवला. माउसची शेपटी टेबलाखाली मोकळीच लोंबत होती.

"शेजारच्या?"

"हो मॅडम. दोन नंबरच्या."

मॅडम वळल्या. "मोहोड, हे तू शिकवलंस?"

सरांचे कान लाल झाले होते. ते काही क्षण पडद्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "हो मॅडम. मीच."

"चला, चला," प्राचार्य मधे आले. "जेवण वाट पाहून राहिलं."

जेवण वाढायला आम्ही मुली होतो. पुरणपोळी होती, वडाभात होता. मी कढीची बादली घेऊन फिरत होते आणि मनात उकळ्या फुटत होत्या. वर्गात माझ्याएवढं या विषयात कोणाला येत नव्हतं, आणि मीच सगळ्यांसमोर ढ मुलीसारखं उत्तर दिलं होतं, कोणासाठी तर सरांसाठी. केवढा हा त्याग! असंच वाटत होतं मला, खोटं कशाला सांगू.

जेवणं आटोपत आली तेव्हा दिसलं, व्हरांड्याच्या टोकाला सर आणि मॅडम दोघंच उभे होते. सर खाली बघून बोलत होते, थांबत थांबत. मॅडम ऐकत होत्या. एकदा त्यांनी वरच्या लॅबच्या खिडकीकडे बघितलं. मला वाटलं, झापून राहिल्या सरांना.

थोड्या वेळानं मॅडम हात धुवायला आल्या. तिथे टॉवेल घेऊन मीच होते.

"कांडलकर ना तू?" त्यांनी हात पुसले, पण टॉवेल परत दिला नाही. "जरा इकडे ये. बस. घाबरू नको, इथे कोणी नाही."

मी कान टवकारले. आलंच हे, मी मनात म्हटलं.

"मघाशी तू पिंग केलंस तो पत्ता कोणाचा गं? आता निवांतपणे सांग."

"शेजारच्या मशीनचा, मॅडम."

"हे बघ, मी तुझ्या सरांशी बोलले आहे."

प्राचार्यांनी सांगितलेलं शब्दाला शब्द खरं होत होतं. मला आतून हसूच आलं. एवढी मोठी बाई आणि इतकी साधी युक्ती! मी चेहरा भोळा केला. तो मला छान जमायचा.

"मग त्यांनी सांगितलंच असेल ना मॅडम. दोन नंबरच्या मशीनचा."

"बरं." त्यांनी टॉवेलची घडी घातली. "आपण तो पत्ता टाकतो, तेव्हा निरोप जातो कुठून? केबलमधून जातो की नाही जात?"

उत्तर जिभेवर होतं. केबलला शिवतही नाही, मॅडम. पण ते म्हटलं असतं तर दोन नंबरचं मशीन, हिरवे दिवे, टाइप केलेली ऑर्डर, सगळं एका वाक्यात कोसळलं असतं.

"केबलमधूनच जातो, मॅडम."

"आणि केबल काढून टाकली तर?"

"तर उत्तर नाही येणार."

"नक्की?"

"नक्की, मॅडम."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. राग नव्हता त्यांच्या बघण्यात. कोणाची तरी वाट बघून थकलेलं माणूस दाराकडे बघतं, तसं काहीतरी होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, फार हळू, "बाळा, तुला याचं दुसरं काही उत्तर येतं का?"

"नाही मॅडम," मी म्हणाले. "सरांनी हेच शिकवलंय."

"ठीक आहे." त्यांनी टॉवेल माझ्या हातात दिला आणि उठल्या.

गाड्या गेल्या तसा जल्लोष झाला. अध्यक्षांनी लॅब 'समाधानकारक' ठरवली होती. प्राचार्यांनी पेढे वाटले, माझी पाठ थोपटली. "या पोरीनं राखलं हो आपलं कॉलेज!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. रोशननं शिट्टी मारली. मोहोड सर भिंतीशी उभे होते. ते जवळ येतील असं मला वाटत होतं. ते आले नाहीत.

मग प्राचार्य पेढ्यांचा डबा घेऊनच त्यांच्याकडे गेले. आवाज खाली करून बोलले, पण त्यांचा खालचा आवाजही जिन्यापर्यंत ऐकू यायचा.

"मोहोड, लॅब तर पास निघाली राव. पण त्या तुमच्या मॅडमनं तुमच्या नावापुढे शेरा मारला. शिकवणं कच्चं आहे म्हणते. मुलांना साधं साधं येत नाही म्हणते. आता असा शेरा असताना मी सही कशी करू, तुम्हीच सांगा. पाहू जूनमध्ये. पेढा घ्या."

सरांनी पेढा घेतला. तो हातात तसाच धरून ते वर गेले.

मुलांना साधं साधं येत नाही. ही मुलं म्हणजे मीच की! पण मी जे केलं ते सरांनीच सांगितलं होतं, मी तर शब्दही इकडचा तिकडे केला नव्हता. हे सरांना ठाऊक असायला हवं, त्यांनी तसं म्हणायला हवं, असं वाटून मी त्यांच्यामागे वर धावले. त्यांना धीर द्यायला धावले असं मी पुढे अनेकांना सांगितलं आहे. ते खरं नाही.

सर लॅबमध्ये वाकून टेबलाखालच्या वायरी काढत होते. हिरवे दिवे ओळीनं विझत होते. पेढा माझ्या कीबोर्डशेजारी ठेवलेला होता.

"सर," मी म्हटलं, "मॅडम जेवणानंतर मला भेटल्या होत्या."

ते चटकन उभे राहिले. "भेटल्या? विचारलं तुला?" इतके आतुर डोळे मी त्यांचे कधी बघितले नव्हते. "काय विचारलं?"

"तेच, सर. पत्ता कोणाचा. मग केबलमधून जातो का, केबल काढली तर काय होईल." मी भरभर बोलत होते. "पण मी हललेच नाही, सर. इथे कोणी नाही म्हणाल्या, तुझ्या सरांशी बोलले म्हणाल्या, सगळं करून पाहिलं त्यांनी. मी शेवटपर्यंत दोन नंबरचं मशीनच सांगितलं. सरांनी हेच शिकवलंय, असंही सांगितलं."

सर खुर्ची ओढून बसले. वायर त्यांच्या हातातच होती.

"मी सांगितलं होतं त्यांना," ते म्हणाले. माझ्याशी नाही, त्या वायरीशी बोलल्यासारखे. "सगळं. डबे खाली आहेत, तो पत्ता मीच टाकायला लावला, सगळं. नाही राहवलं मला, त्यांच्यासमोर. त्या म्हणाल्या, असल्या ठिकाणी राहू नको मोहोड, माझ्या कॉलेजात जागा आहे, ये. फक्त मला एवढं दाखव की तू खोटी लॅब मांडली, पण खरं शिकवलं. मी म्हटलं, मॅडम, आमच्या कांडलकरला विचारा. एकटीला घ्या आणि काहीही विचारा. ती सांगेल."

खाली कोणीतरी माझ्या नावानं ओरडत होतं, पेढे संपत आल्याचं. मला वाटलं, आत्ता पळत जावं, गाडीला आडवं व्हावं, मॅडमना सगळी उत्तरं सांगावीत. गाडी दारव्ह्याच्या पुढे गेली असेल. मला रडूही येईना. तोंड कुठे न्यावं ते कळेना.

सरांनी वर बघितलं. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोणास ठाऊक. ते घाईघाईनं उठले, पँट झटकली आणि रोज वर्गात हसायचे तसं हसायचा प्रयत्न केला.

"अगं, जाऊ दे. तू कशाला तोंड पाडून राहिली? जसं सांगितलं होतं तस्संच केलं तू. एक शब्द नाही चुकली." त्यांनी तो पेढा उचलून माझ्या हातावर ठेवला. "शाबास, कांडलकर."

आणि मी म्हणाले, रोज म्हणायचे तसंच, "थँक यू, सर."